टेप संपली तिथून पुढे

आमच्याकडे जेवायला आलेल्या माणसाला हात धुतल्यावर बडीशेप मिळायची आणि बडीशेपेनंतर शिक्षा. शिक्षा म्हणजे बाबांची ती टेप. नवीन नवीन नोकरीला आलेली पुण्या-नागपूरची मुलं बिचारी, घरचा आमटी-भात मिळेल म्हणून ओहायोतल्या कोलंबस शहराच्या दुसऱ्या टोकाहून आमच्या डब्लिन उपनगरापर्यंत यायची, पोटभर जेवायची, आणि "बरंय काका, निघतो" म्हणायला सोफ्यावरून अर्धी उठायची, तेवढ्यात बाबा टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडायचे. मग कोणाची टाप होती उठायची? मी जिन्याच्या पायरीवर बसून त्या मुलांचे चेहरे बघायची. पहिल्या पाच मिनिटांत कुतूहल, मग नम्रता, मग हातातल्या घड्याळाकडे चोरून बघणं. बाबांना यातलं काही दिसत नसे. ते टीव्हीच्या इतके जवळ बसत की त्यांच्या कानाच्या पाळीवर निळा उजेड पडायचा.

मालिका इंग्लंडची होती. आमच्या भागातल्या पब्लिक टीव्हीवर शनिवारी संध्याकाळी जुन्या इंग्लिश विनोदी मालिका ओळीने लागायच्या, आणि त्यातली ही बाबांची लाडकी. समुद्रकाठच्या लहानशा गावात दोन प्रौढ बहिणींचं लोकरीचं दुकान, वरच्या मजल्यावर त्यांचं घर, आणि त्या घरात बँकेत कारकुनी करणारा एक घाबरट भाडेकरू. बस्स, एवढंच. वर्षानुवर्षं चालली ती. त्यातल्या नट्यांचे केस आमच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. बाबा लग्नाआधी काही दिवस इंग्लंडात एका बाईंच्या घरी भाडेकरू म्हणून राहिले होते, आणि तेवढ्या भांडवलावर या मालिकेतला प्रत्येक विनोद समजावून सांगायचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं. विनोद यायच्या आधी ते टेप थांबवायचे आणि म्हणायचे, "आता बघ हं." विनोद होऊन गेला की मागे घेऊन पुन्हा दाखवायचे. पाहुणा हसला नाही तर इंग्लंडमध्ये चहाबरोबर काय खातात, दूध आधी घालतात की नंतर, हे सगळं यायचं. अर्ध्या तासाचा भाग आमच्याकडे चांगला तासभर चालायचा.

टेपवर भाग बरेच होते, पण दाखवायचे ते एकच. त्यात धाकट्या बहिणीने स्वतःसाठी बाजूला ठेवलेला निळ्या लोकरीचा शेवटचा गुंडा मोठी बहीण गिऱ्हाइकाला विकून टाकते. झालं, दोघींचा अबोला. दोघी एकाच टेबलाशी, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर चहाला बसतात आणि मधल्या भाडेकरूला म्हणतात, माझ्या बहिणीला सांगा, दूध तिच्या कोपरापाशी आहे. तो सांगतो. माझ्या बहिणीला सांगा, मला ते दिसतंय. तो तेही सांगतो. असं करता करता तो शहाणा माणूस कंटाळतो, बॅग भरतो, टोपी घालतो आणि चालू पडतो. दार लागतं. टेबलावर काकडीचं एकच सँडविच उरलेलं, दोघी बहिणी त्याच्याकडे बघताहेत, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय. आणि इथे टेप संपायची.

खरंच संपायची. बाबांनी रेकॉर्ड केलं तेव्हा त्या टेपवर तेवढीच जागा उरली होती. आई स्वयंपाकघरात होती, मी मैत्रिणीकडे, त्यामुळे पुढचं काय ते एकट्या बाबांनी पाहिलेलं. तो भाग पुन्हा कधी लागला नाही, किंवा लागला असेल तेव्हा आम्ही कोणाच्या तरी बारशाला गेलो असू. मग पडदा निळा झाला की बाबा उठायचे, टीव्हीसमोर उभे राहायचे आणि शेवट स्वतः करून दाखवायचे. मोठी बहीण खिडकीकडे बघते. मग बशीकडे. घसा खाकरते. बशी पुढे सरकवते आणि म्हणते, "एक उरलंय. तू घे." धाकटी सुरी घेते, त्या सँडविचचे दोन तुकडे करते. "संपलं," असं म्हणून बाबा खाली बसायचे. त्यांचा आवाज तिथे थोडासा कापायचा. मला तेव्हा त्या आवाजाचीसुद्धा चीड यायची. मी सोळा वर्षांची होते, मला शुक्रवारी शाळेच्या फुटबॉलच्या मॅचला जायचं असायचं आणि बाबांना मात्र कोण्या इंग्लिश बायकांच्या सँडविचवर गहिवरून यायचं. आज मात्र कबूल करते, तो भाग मला तोंडपाठ आहे आणि कधी कंटाळा आला की मी तो मनातल्या मनात सुरुवातीपासून लावते.

आता अबोल्याचं. आमच्या घरातल्या. बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, आमच्यापासून गाडीने दहा मिनिटांवर राहायचा. शैलाकाकू त्याची बायको. काकू आईपेक्षा बरीच लहान, मोठ्यांदा हसणारी, हातातलं काम टाकून गप्पा मारणारी. तिनेच मला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवली, केस कापायची परवानगी आईकडून काढून दिली, आणि मुलांशी फोनवर बोलते म्हणून मला ओरडा बसायचा तेव्हा तीच मध्ये पडायची. त्या गावात मला माझी म्हणावी अशी मोठी बाई ती एकच. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला आठ-दहा बायका जमल्या असताना काकू हसत हसत म्हणाली, आमच्या वहिनींकडे पाहुणे वाढले की आमटीत तांब्याभर पाणी पडतं, पण उपाशी कोणी जात नाही. सगळ्या हसल्या. आई तिच्या मागेच चटणीचं भांडं घेऊन उभी होती.

काकूला कौतुकच करायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या काळात आमच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी जेवायला असे, आई नोकरी करून घरी येऊन त्या सगळ्यांचं करायची, आणि आमटी वाढवावी लागली तर ती कोणाला कळू नये म्हणून वरून पुन्हा फोडणी द्यायची. तिची ती युक्ती अशी चारचौघींत हसण्यावारी गेली. तिने भांडं खाली ठेवलं, कोट घातला आणि गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती काकूशी बोलली नाही. काकूने एकदा फोन केला, आईने तो माझ्या हातात दिला, आणि मग काकूचाही तोरा चढला. पुण्यात असतो तर एखाद्या आत्याने दोघींना समोर बसवून झापलं असतं आणि विषय मिटला असता. इथे झापायला कोण? काका भांडणाचं नाव निघालं की लॉन कापायला जायचा. दोघींच्या मध्ये मी. काकूंना सांग डबा परत पाठवा. वहिनींना सांग डबा धुऊन ठेवलाय. मी त्या बँकेतल्या कारकुनाची बदली होते, पगार नाही की सुटी नाही.

त्यातच काकाला सनीव्हेलला नोकरी लागली. गणपती झाले की ते निघणार. दहा मिनिटांवर राहून ज्या दोघी बोलत नव्हत्या, त्या कॅलिफोर्नियातून काय बोलणार होत्या? मला स्पष्ट दिसत होतं की काकू अशी गेली तर कायमची गेली, आणि तिच्याबरोबर माझंही तिच्याकडे जाणं-येणं संपलं. मी हे बाबांना एकदा गाडीत सांगितलं. मला वाटलं, आता हे आईशी बोलतील, काकाला फोन करतील, मोठ्या माणसासारखं काहीतरी करतील. त्यांनी काय केलं, तर गावातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकांकिकेची वेळ मागून घेतली.

त्यांनी तो भाग मराठीत उतरवला. मोठी बहीण आई, धाकटी शैलाकाकू, आणि भाडेकरू मी, कारण मंडळातल्या एकाही पुरुषाला तालमीला वेळ नव्हता. चारचौघांत नाही म्हणणं दोघींनाही जमलं नाही. आईने मला निरोप दिला, "तिला सांग, मी हे मंडळासाठी करतेय." काकूने शब्दाला शब्द तोच निरोप उलट पाठवला. शनिवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये तालमी सुरू झाल्या. काका कोचावर बसून चिवडा खायचा. मला तर तालीम कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं तेच कळेनासं झालं. आई म्हणायची, तिला सांग चहा झालाय. मी टोपी चढवून, घाबरट चेहरा करून, काकूपुढे जाऊन ते वाक्य म्हणायची, आणि मग कळायचं की वर खरोखरच चहा झालाय आणि तो गार होतोय.

मंडळाच्या लोकांचं म्हणणं, काकडीच्या सँडविचऐवजी बटाटेवडा ठेवा, लोकांना आपलं वाटेल. बाबा म्हणाले, मुळात काकडी आहे. दुकान लोकरीचं कशाला, साड्यांचं करा. मुळात लोकर आहे. विषय असा कुठलाही निघाला की "मुळात" हा शब्द ऐकून मला बेसमेंटच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. पण खरी अडचण आली ती शेवटच्या वाक्याला. तिथपर्यंत आई झकास काम करायची. दार लागलं, मी गेले, बशीकडे बघून झालं, की आई हातातला कागद खाली ठेवायची. एकदा तिने विचारलंच, "पहिली मी का बोलायची?"

"कारण मुळात मोठी बहीण बोलते," बाबा म्हणाले.

"ते मूळ तुम्ही एकट्यांनी बघितलंय."

बाबांना हे फार लागलं. मी खोटं सांगतो का, असं ते त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाले, तेही माझ्याकडे बघून. मी म्हटलं, बाबा, तिला एक वाक्य बदलून द्या ना, काकूला बोलू द्या आधी, काय बिघडतं? तर म्हणे, उद्या लेखक आला आणि त्याने विचारलं तर काय सांगू? इंग्लंडचा लेखक ओहायोमधल्या एका हायस्कूलच्या कॅफेटेरियात मराठी गणपतीला कशाला येतोय, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. शेवटी आई म्हणाली, त्या दिवशी म्हणेन. त्यामुळे ते वाक्य तालमीत एकदाही म्हटलं गेलं नाही.

त्या दिवशी कॅफेटेरियात नेहमीसारखं सगळं उशिरा चाललेलं. आरती लांबली, लहान मुलांचं लेझीम लांबलं, मागच्या टेबलांवरून मसालेभाताचा वास यायला लागला आणि लोक नाटकापेक्षा त्या टेबलांकडे जास्त बघायला लागले. सेक्रेटरी दामलेकाका बाबांना येऊन म्हणाले, शेवट जरा आटपता घ्या. बाबा पाठ फिरवून चालू पडले. नाटक सुरू झालं आणि मला आश्चर्य वाटलं, लोक हसत होते. भराभर हसत होते. दोघींना अभिनय करावाच लागत नव्हता. कित्येक महिन्यांचा सराव होता. समोरच्या रांगेतल्या, वाढदिवसाला हजर असलेल्या बायका तर डोळे पुसत होत्या. मी माझी बॅग भरली, टोपी घातली, दार आपटलं आणि विंगेत, म्हणजे सुट्या फळ्यांच्या एका पार्टिशनमागे, बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिले.

स्टेजवर शांतता. बशीत एक सँडविच. आई खिडकीकडे बघत होती, खिडकी म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. मग बशीकडे. मग पुन्हा खिडकीकडे. बाबा कुजबुजले, एक उरलंय. आई हलली नाही. बाबा आणखी मोठ्यांदा म्हणाले, एक उरलंय, तू घे. ते पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं आणि लोक खदखदले. काकू मान खाली घालून टेबलक्लॉथची शिवण चाचपत होती. आणि मग आईने मान वळवली, सरळ पार्टिशनकडे, माझ्याकडे, आणि म्हणाली, "तिला सांग..."

माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. इतके महिने त्या डब्यांचे, चहाचे, मंडळाचे निरोप मी वाहिले होते. भाडेकरू सुटला होता, दार आपटून गेला होता, आणि आता तो गेल्यावरही हिला तो हवा होता. मी पार्टिशनमागूनच ओरडले, "मी गेलेय. आता तुमचं तुम्ही बोला."

कॅफेटेरिया हसून हसून फुटायचा बाकी राहिला. बाबांनी कपाळाला हात लावला. मुळात असं नव्हतं. पण मी फटीतून आईकडे बघत होते आणि आई हसत नव्हती. हसणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिने बशीला हातसुद्धा लावला नाही, चहाची किटली उचलली आणि काकूकडे बघून, अगदी घरच्या आवाजात म्हणाली, "चहा पुरायला पाणी घातलंय. चालेल ना तुला?"

लोकांना ते नाटकातलंच वाटलं. मागे बसलेल्यांना नीट ऐकूही गेलं नसेल. काकूने कप पुढे केला. "चालेल, वहिनी," ती म्हणाली. नाटकात ताई म्हणायचं होतं. मग तिला रडू फुटलं आणि आईने किटली खाली ठेवली. दामलेकाकांनी तेवढ्यात दिवे लावून मसालेभात वाढायला घेतला म्हणून बरं, नाहीतर त्या दोघी टेबलाशी तशाच बसून राहिल्या असत्या. मी टोपी काढून त्यांच्याकडे धावत गेले. बाबा मात्र विंगेतच उभे, हातात कागद, आणि येईल त्याला सांगताहेत की ते वाक्य असं नाही, मुळात वेगळं आहे. परतताना गाडीतही तेच. आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मी मागून म्हटलं, बाबा, आय ॲम डन. प्लीज.

काकू सनीव्हेलला गेली. तेव्हा लांबचे फोन महाग, तरी दर रविवारी तिचा फोन यायचा आणि आधी आई बोलायची, मग मी. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, लग्न केलं, मुलं झाली, त्या सगळ्यात काकूचा आवाज माझ्या कानाशी होता. बाबा आणखी बरीच वर्षं पाहुण्यांना ती टेप दाखवत राहिले. व्हीसीआर मोडला तेव्हा त्यांनी दुसरा शोधून आणला. गेले, त्यालाही आता बराच काळ झाला. ती टेप कुठल्या खोक्यात आहे मला ठाऊक नाही आणि ती लावायला आता यंत्रही नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीने फोनवर काहीतरी शोधता शोधता विचारलं, "ममा, इज धिस आजोबाज शो?" सगळे भाग कोणीतरी इंटरनेटवर टाकून ठेवले होते. तिने टीव्हीला जोडून दिलं आणि निघून गेली. आई आता माझ्याकडेच असते, कानाला यंत्र, गुडघ्यावर शाल. आम्ही दोघींनी तो भाग लावला. निळी लोकर, दूध, कोपर, टोपी. आई भाडेकरूच्या आधीच त्याची वाक्यं म्हणत होती. दार लागलं, एक सँडविच, घड्याळाची टिकटिक, आणि चित्र चालूच राहिलं. मी नकळत पुढे सरकून बसले. मोठी बहीण खिडकीकडे बघते. धाकटी उठते, दिवा मालवते आणि झोपायला जाते. मोठी अंधारात ते सँडविच एकटीच खाते. तेवढ्यात दार वाजतं. भाडेकरूची गाडी चुकलीय, तो परत आलाय. मोठी म्हणते, माझ्या बहिणीला सांगा, भाडेकरू आलाय. प्रेक्षक हसतात, नावं वर सरकू लागतात.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं, अगदी बाबांसारखं. तेच. कोणी बशी सरकवली नाही, कोणी काही कापलं नाही. काकडीचा बटाटेवडा होऊ न देणाऱ्या माझ्या बापाने अख्खा शेवट पदरचा घातला होता आणि वर त्या शेवटासाठी आमच्याशी भांडला होता. आईशी काकूचं बिनसायच्या कितीतरी आधीपासून घालत होता, म्हणजे ती काही आमच्यासाठी केलेली युक्तीही नव्हती. एका शनिवारी टीव्हीसमोर एकटं बसून त्यांनी ठरवून टाकलं असणार की हा शेवट बरोबर नाही. मी हसत होते आणि मला त्यांचा इतका राग आला होता की ते समोर असते तर मी त्यांना गदागदा हलवलं असतं.

आईने चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी पहिली बोलायची काही गरज नव्हती," ती म्हणाली. मग म्हणाली, शैलाला फोन लाव. मी लावला, स्पीकरवर ठेवला, आणि आईने तक्रार केल्यासारखं सगळं काकूला सांगितलं, बघ, त्या माणसाने मला फसवलं. पलीकडे काकूचं ते जुनं मोठं हसू फोनमधून खोलीभर झालं. किती वेळ हसत होती. हसता हसता म्हणाली, वहिनी, पुन्हा लावा, मलाही ऐकू दे.

मी सुरुवातीपासून लावलं. फोन टेबलावर, आई शालीत, आणि काकू दोन हजार मैलांवरून दुधाच्या विनोदाला हसतेय. दार लागलं. टिकटिक सुरू झाली तशी आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"आता बंद कर," ती म्हणाली. "शेवट तू सांग. आणि बसून नको. ते उभं राहून सांगायचे."